पारवा रंग भिंतीवर गेला की निळाच का दिसतो? आणि कधी सिमेंट, कधी हिरवट, कधी जांभळट

शेड कार्डावर मस्त धुरकट राखाडी वाटला, भिंतीवर लावला तर चक्क आकाशी दिसतोय, पेंटर म्हणतो "मॅडम कार्डाप्रमाणेच आहे, डबा दाखवू का", आणि शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या की काय गं, गोड बातमी आहे का, बाळाची खोली केलीस वाटतं. गणपती ते दिवाळीच्या मधे ही तक्रार दरवर्षी फिरून फिरून येते, फक्त फ्लॅट बदलतो. कधी उलटं असतं, निळसर हवा होता आणि भिंत नुसता गिलावा करून सोडल्यासारखी मेलेली दिसते. कधी दिवसा ठीक आणि रात्री लाइट लावले की हिरवट. मी इंटिरियरची कामं करते, बहुतेक पुण्यातले टू बीएचके, आणि या पारव्या, निळसर राखाडी शेड्सचं जेवढं रिपेंट होताना बघते तेवढं दुसऱ्या कुठल्या रंगाचं नाही. त्यातलं बरंचसं तर न करता भागलं असतं.

कारण रंग चुकलेला नसतो. या शेडमधे मुळात रंगच कमी आहे. पांढऱ्या बेसमधे (म्हणजे रंग मिसळायच्या आधीचा कोरा पेंट) थोडा निळा, त्याच्या जोडीला काळा, आणि वरून जरासा पिवळा ऑक्साइड किंवा लाल ऑक्साइड किंवा व्हायोलेट, बस. लाल भिंत कुठल्याही उजेडात लालच राहते, तिला कोणी हलवू शकत नाही, पण पारव्याकडे स्वतःचं असं थोडंच असतं, त्यामुळे खोलीत दुसरं जे काही जोरात असेल ते त्याला आपल्या मर्जीनं ओढून नेतं. बल्ब, फरशी, दाराचं पॉलिश, खिडकीबाहेरचं झाड, समोरच्या बिल्डिंगची भिंत. तेव्हा ब्रश पुन्हा हातात घ्यायच्या आधी कोण ओढतंय ते शोधायचं, आणि शोधताना फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

सगळ्यात आधी, डब्यातला रंग बरोबर आहे का

पेंटरशी भांडायच्या आधी हे करा. शेड कार्डातला तो तुकडा कडेची पांढरी पट्टी कापून मोकळा करा, रंग लावून निदान एक दिवस झालेला असू दे (ओला इमल्शन दुधाळ फिका दिसतो, वाळला की गडद होतो, त्यामुळे पहिल्या तासात काही ठरवू नका), आणि तो तुकडा भिंतीला सपाट चिकटवून हातभरावरून बघा. तुकडा भिंतीत जवळपास मिसळून गेला तर रंग बरोबर आहे आणि पेंटर खरं बोलतोय, गडबड खोलीत आहे. तुकडा स्पष्ट वेगळा दिसला तर डब्याच्या झाकणावरचं लेबल वाचा, शेड कोड, कुठलं प्रॉडक्ट, कुठला बेस. कोड बरोबर पण बेस दुसराच, असं होतं. आणि पेंटरनं "निळा जरा मारतो" म्हणून आपल्याकडचा काळा स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) ओतला असेल तर तो रंग आता कोणालाच पुन्हा बनवता येणार नाही हे धरून चाला.

थोडा फरक दिसला आणि फिनिश वेगळं असेल तर घाबरू नका. तोच फॉर्म्युला मॅटमधे जरा फिका, जास्त राखाडी दिसतो आणि शीनमधे, म्हणजे चमक असलेल्या फिनिशमधे, गडद, जास्त निळा. मॅटमधे उजेड सगळीकडे विखुरतो, त्यात थोडा पांढरेपणा मिसळल्यासारखा होतो. माझ्या मते या रंगाला मॅट किंवा फार तर हलकी शीन, चकचकीत अजिबात नको, पण लहान मुलं असतील आणि भिंत पुसायची असेल तर तडजोड करावी लागते, तिथे मग शेडच एक पायरी जास्त राखाडी घ्या.

तक्रार एक: फारच निळा दिसतोय

दहातल्या बहुतेक तक्रारी हीच असतात, म्हणून यावर जरा वेळ घालवू.

कार्डावरचा तुकडा असतो दोन बोटांचा, पांढऱ्या कागदावर. खोलीत तोच रंग चार भिंतींवर, आणि या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. समोरच्या निळसर भिंतीवरून आलेला उजेड आधीच निळसर झालेला असतो, तो या निळसर भिंतीवर पडतो, अजून निळा होतो. खोली जितकी लहान तितका हा खेळ जास्त. टेन बाय टेनच्या बेडरूममधे चारही भिंती केल्या की शेड कार्डापेक्षा गडद आणि रंगीत दिसणारच, त्यात दुकानदाराचा काही दोष नाही.

मग फरशी. आपल्याकडे मागच्या वीसेक वर्षांत बिल्डरनं घातलेली फरशी म्हणजे टू बाय टूची आयव्हरी व्हिट्रिफाइड, आणि ती पिवळट आहे हे आपल्याला आता दिसतच नाही इतकी सवय झालीय. पिवळ्याच्या शेजारी कुठलाही राखाडी ठेवा, डोळ्याला तो निळसर जांभळसर वाटतो, आणि जो आधीच निळसर आहे तो तर जास्तच. सागवानी चौकट आणि दाराचं नारिंगी पॉलिश हेच करतं. हे काही नवं नाही. पॅरिसच्या गोबलँ इथल्या सरकारी विणकाम कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा नीट रंगत नाही, निस्तेज दिसतो. त्यानं तपासलं तर धागा चांगला काळा होता, विणताना शेजारी निळे-जांभळे धागे येत होते म्हणून तो फिका वाटत होता. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक रंगाऱ्यालाच धरत होतं.

हे आपल्या घरात आहे का ते बघायची फुकट पद्धत सांगते. घरातल्या पांढऱ्या चादरी काढा, भिंतीलगत फरशीवर पसरा, एक चादर दारावर टाका म्हणजे पॉलिश झाकलं जाईल, आणि दुपारच्या उजेडात, लाइट बंद करून, खोलीच्या मधे उभं राहून दोन मिनिटं भिंतीकडे बघा. मग चादरी एकदम ओढून घ्या. भिंत डोळ्यादेखत निळी झाली तर चोर सापडला. आता फरशी काही उकरायची नाहीये, पण पांढऱ्या, करड्या, मातकट रंगाची सतरंजी किंवा रग भिंतीजवळ येईल अशी टाकता येते, सोफा भिंतीला लागून असेल तर त्याचं कापड पिवळट बेज न ठेवता करडं करता येतं. पडद्यांना क्रीम कलर देऊ नका, हा मोह सगळ्यांना होतो कारण क्रीम "सगळ्यावर चालतं", पण या भिंतीशेजारी तेच सगळ्यात जास्त त्रास देतं. चटई आणि वेत छान दिसतात पण तेही पिवळेच आहेत, तेव्हा भिंत आधीच निळी वाटत असेल तर थोडं थांबा.

चादरी ओढल्यावर काही फरक पडला नाही तर खिडकीकडे वळा. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आभाळाचा उजेड, आणि निळ्या आभाळाचा उजेड निळाच असतो. त्यात आपल्याकडची एक गंमत अशी की मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो (शून्य सावलीचा दिवस येतो तो याच कालावधीच्या दोन्ही टोकांना), त्यामुळे मे-जूनमधे उत्तरेच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन शिरतं आणि भिंत ऊबदार राखाडी दिसते, आणि तीच भिंत डिसेंबरात गार निळी. मेमधे सॅम्पल बघून पसंत केलं आणि थंडीत पश्चात्ताप, याचं कारण हे. त्याहून जास्त वेळा होतं ते असं की शेड ठरते भर पावसाळ्यात ढगाखाली, कारण दिवाळीच्या आत काम उरकायचंय, आणि काम संपतं ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात. ढगाळ उजेडात निवडलेला रंग उन्हात फटफटीत वाटतो.

अजून एक, फक्त पावसाळ्यात "रंग अचानक निळा झाला" असं वाटलं तर खिडकीबाहेर बघा, वरच्या मजल्यावरच्यांनी निळी ताडपत्री बांधलीय का. हसू नका, होतं असं. बाल्कनीला हिरवी शेडनेट लावली की भिंत हिरवट होते तेही याच जातीचं, आणि ही शेडनेट आपणच कबुतरांसाठी नाहीतर कुंड्यांसाठी लावलेली असते आणि विसरलेलो असतो.

रात्रीच निळा दिसत असेल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल, "कूल डेलाइट" (के म्हणजे केल्विन, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळट). आपल्या घरांमधे ट्यूबलाइटच्या काळापासून हाच उजेड म्हणजे "चांगला उजेड" अशी सवय आहे, आणि पारव्या भिंतीवर तो पडला की भिंत बर्फासारखी गार पडते. ४००० के लावून बघा. खोलीत फॉल्स सीलिंगचे थ्री इन वन पॅनल असतील तर एक पैसाही खर्च नाही, बटण बंद-चालू करत तिन्ही उजेड बघून घ्या, भिंत तीन वेगवेगळ्या दिसतील. बाकी काही बदलायच्या आधी निदान आठवडाभर ४००० वर राहून बघा, डोळ्यालाही सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी घरातले सगळे "उजेड कमी झाला" म्हणणारच.

एवढं करूनही निळाच वाटला आणि रिपेंट करायचंच ठरलं, तर दुकानात जाऊन "हाच रंग हाफ करून द्या" म्हणू नका. हाफमधे सगळेच कलरंट, म्हणजे बेसमधे मिसळलेले रंग, निम्मे होतात, रंग फिका होतो पण राखाडीपणा वाढत नाही, आणि फिका निळा म्हणजे तर खरोखरच बाळाची खोली. कार्डावर जो शेड तुम्हाला "हा तर नुसता राखाडीच आहे, यात निळा कुठाय" असा वाटतो तो घ्या. कंटाळवाणा वाटला तरी घ्या. भिंतीवर निळा आपोआप बाहेर येतो.

तक्रार दोन: मेलेला, सिमेंटसारखा दिसतोय

ही तळमजल्याची, डक्टकडे खिडकी असलेल्या खोल्यांची, नाहीतर भरपूर पिवळे वॉर्म लाइट लावलेल्या हॉलची तक्रार. २७०० किंवा ३००० केच्या उजेडात निळा भाग कमी असतो, त्यामुळे भिंतीतला जो काही थोडा निळा आहे त्याला परत पाठवायला उजेडात पुरेसा निळाच नाही, मागे उरतो तो काळा आणि पांढरा. इथेही ४००० के हाच पहिला उपाय, आणि बल्बचे नुसते वॉट बघू नका, ल्युमेन बघा, उजेड किती पडतो ते त्यावरून कळतं.

दुसरं म्हणजे शेड किती उजेड परत टाकतो ते बघायचं. कंपन्यांच्या फॅनडेकवर (पंख्यासारखं उघडणारं शेड कार्ड) किंवा साइटवर बऱ्याच शेड्सना एलआरव्ही नावाचा आकडा दिलेला असतो, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे शुद्ध पांढरा. अंधाऱ्या खोलीत चाळिशीच्या खालचा पारवा चारही भिंतींना लावला की खोली विहिरीत गेल्यासारखी वाटते. साठीच्या आसपासचा घ्या, किंवा गडदच आवडला असेल तर खिडकीच्या समोरची एकच भिंत करा, ज्या भिंतीत खिडकी आहे ती करू नका, तिच्यावर उजेड पडतच नाही. आणि फरशी कोटा किंवा शहाबादी असेल, म्हणजे जुन्या वाड्यात, गावच्या घरात, तर तिथे फरशीच करडी, भिंत करडी, मग डोळ्याला धरायला काही राहत नाही. तिथे वर सांगितलेलं सगळं उलटं करायचं. लाकूड आणा, पितळ आणा, वेताची खुर्ची, मातीची कुंडी, खणाच्या उशा, काहीतरी पिवळं-नारिंगी भिंतीच्या अगदी लगत ठेवा. कोपऱ्यात एक समई ठेवली तरी तिच्यामागची भिंत निळी व्हायला लागते. आयव्हरी फरशीच्या घरात जे टाळायचं ते कोट्याच्या घरात मुद्दाम करायचं, इतकं सोपं आहे, पण लोक एकमेकांच्या घरातले फोटो बघून तेच सामान उचलतात आणि मग म्हणतात तिच्याकडे छान दिसतं, माझ्याकडे नाही.

छताचंही बघा. जुनं छत ऑफ व्हाइट असेल तर पारव्या भिंतीशेजारी ते मळकं, धूर बसल्यासारखं दिसतं, आणि त्याच्यामुळे भिंतही मळकट वाटते. फक्त छताला साधा स्वच्छ पांढरा मारला तरी भिंत जिवंत होते, आणि चार भिंतींपेक्षा खर्च किती कमी ते तुम्हीच बघा.

तक्रार तीन: रात्री हिरवट, नाहीतर जांभळट

इथे फॉर्म्युल्यात काय आहे ते कळलं तर निम्मं काम होतं. टिंटिंग मशीनवर रंग बनवताना झाकणावर चिकटवतात ते लेबल बघा, बऱ्याचदा त्यावर कलरंटची अक्षरं आणि प्रमाण छापलेलं असतं, नसेल तर दुकानदाराला कॉम्प्युटरवर दाखवायला सांगा. अक्षरं कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे पाठ करून उपयोग नाही, सरळ विचारा की यात निळा कुठला, काळा कुठला, आणि तिसरा कोण आहे. हा तिसराच बदमाश. तिसरा पिवळा ऑक्साइड असेल तर पिवळ्या बल्बखाली भिंत हिरवटाकडे जाणार, लाल ऑक्साइड किंवा व्हायोलेट असेल तर जांभळटाकडे. एकाच कार्डावर शेजारी शेजारी असलेले दोन पारवे, दिसायला सख्खे भाऊ, एकात पिवळा आणि एकात व्हायोलेट, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली फरक कळत नाही आणि घरी जाऊन दोघं दोन दिशांना.

घरात हिरवट दिसतोय आणि फॉर्म्युल्यात पिवळा आहे, तर लाइट ४००० के करा. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० किंवा जास्त लिहिलेले बल्ब मिळतात, ते घ्या, थोडे महाग असतात, पण या एका रंगासाठी पैसे वसूल होतात. साधे एलईडी ८० च्या आसपासचे असतात, त्यांच्या उजेडात काही रंग नीट दिसतच नाहीत. आणि एका खोलीत तीन जातीचे बल्ब ठेवू नका, फॉल्स सीलिंगच्या खाचेत (कोव्हमधे) वॉर्म, पॅनल कूल, टेबललॅम्प तिसराच, मग एकच भिंत वर पिवळट, मधे निळी आणि खाली हिरवी दिसते आणि तुम्ही शेडला शिव्या देताय.

दिवसाच हिरवट असेल तर बाहेर आंबा, नारळ, लॉन, शेडनेट किंवा खिडकीची हिरवट काच यापैकी काहीतरी आहे. झाड तोडायचं नाही अर्थातच. पातळ पांढरा पडदा लावला की बाहेरून येणारा रंग बराच मरतो. कोकणात, गोव्यात वेगळीच गोष्ट, तिथे अंगणातली लाल माती आणि जांभ्याचं कुंपण, त्याच्यावर ऊन पडून खालून लालसर उजेड खोलीत येतो आणि पारवा जांभळट होतो. तिथे फॉर्म्युल्यात व्हायोलेट किंवा लाल असलेला शेड घेऊच नका, जरासा हिरव्याकडे झुकणारा घ्या, खोलीत तो बरोबर मधे येऊन बसतो. समोरच्या बिल्डिंगला पीच किंवा टेराकोटा रंग दिलेला असेल तर शहरातही हेच लागू.

तक्रार चार: पट्टे, डाग, पॅच

ही मात्र खरोखर कामातली गडबड असते, उजेडाची नाही, फक्त उजेडामुळे उघडी पडते. ऑफ व्हाइटवर लपून जाणारं सगळं पारव्यावर दिसतं.

छताच्या आणि स्विचबोर्डच्या कडेनं ब्रशनं कटिंग केलेलं असतं आणि मधे रोलर, दोघांचा पोत वेगळा, रंगाचा थरही वेगळा, त्यामुळे भिंतीला चौकट काढल्यासारखी दिसते. पेंटरला सांगा आधी सगळ्या खोलीचं कटिंग करून चहाला जाऊ नका, एक भिंत कटिंग, लगेच तीच भिंत रोलर, कड ओली असतानाच. पंखा बंद ठेवा, आपण पंखा लावतो कारण वास येतो आणि उकडतं, पण मग कड वाळते आणि जोड दिसतो.

रंगात पाणी किती घातलं यावरही शेड हलते. पहिला डबा घट्ट, दुसरा पातळ, म्हणजे दोन भिंती दोन रंगाच्या. आणि दोन डबे एकाच दिवशी एकाच मशीनवर बनवले तरी किंचित फरक असू शकतो, तेव्हा सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच काम सुरू करायचं. चांगले पेंटर हे न सांगता करतात. रंग कमी पडून शेवटची अर्धी भिंत नवीन डब्यानं करायची वेळ आली तर भिंतीच्या मधे थांबू नका, कोपऱ्यात थांबा, कोपऱ्याच्या दोन बाजू तशाही वेगळ्या दिसतात, तिथे कोणाला कळत नाही.

टचअप जुळत नाही, ही तर कायमची. खिळा काढला, लांबी भरली, वर तोच रंग लावला आणि तो ठिपका लांबून चमकतोय. लांबी भरलेली जागा रंग जास्त पिते, तिच्यावर आधी प्रायमर लागतो, नुसता रंग चालत नाही. वर्षभरानंतरचं टचअप तर तसंही दिसणारच, भिंतीवर धूळ-धूर बसलेला असतो. अशा वेळी ठिपका करत बसू नका, ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारा. आणि दुसऱ्या कंपनीच्या दुकानात तुकडा नेऊन मशीननं मॅच करून आणू नका, वेगळे कलरंट वापरून जुळवलेला रंग दुकानातल्या उजेडात जुळतो आणि तुमच्या हॉलच्या एलईडीखाली फुटतो, लाल-हिरव्याला हे कमी होतं, या राखाडी शेड्सना हमखास.

पांढरी पावडर, फुगवटे, पोपडे दिसत असतील तर तो रंगाचा विषयच नाही, भिंतीला लोणा आहे. ऑगस्टमधे बाहेरच्या भिंतीवर नाहीतर बाथरूमच्या मागच्या भिंतीवर येतो, आणि गडद पारव्यावर पांढरे क्षार उठून दिसतात. साधारण दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं पक्का चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला, भिंतीकडून पाणी असेल तर भिंत ओली आहे, आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं क्षार काढून अल्कली सहन करणारा प्रायमर, मग रंग. वरच्या बाजूला, खोलीकडून ओलावा असेल तर हवाच दमट आहे, एक्झॉस्ट लावा. नव्या प्लास्टरवर घाईनं रंग मारला तरी असंच होतं, नवीन प्लास्टरला साधारण महिनाभर तरी सुकायला द्यायला लागतं आणि पावसाळ्यात त्याहून जास्त, बिल्डर काहीही म्हणो.

पावसाळ्यात नवीन रंगावरून चिकट, तपकिरी किंवा पांढुरके ओघळ आले, खासकरून बाथरूमबाहेर आणि किचनच्या भिंतीवर, तर घाबरू नका. रंग नीट वाळायच्या आधी दमट हवेमुळे त्यातले साबणासारखे पदार्थ वर येतात. गडद टिंटला जास्त होतं. ओल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा, पुन्हा आलं तर पुन्हा पुसा, काही दिवसांनी यायचं थांबतं. वर दुसरा कोट मारायची घाई नको.

अजून रंग लावलेलाच नाही, फक्त घाबरलाय

तर मग सोपं आहे. छोटा सॅम्पलर मिळाला तर तो, नाहीतर १ लिटरचा डबा, आणि दोन फूट बाय दोन फुटाचा प्लाय किंवा हार्डबोर्ड, आधी पांढरा प्रायमर, मग दोन कोट, कडेनं बोटभर पांढरी पट्टी सोडून. भिंतीवर डायरेक्ट ठिपके मारून बघायची पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही, जुना पिवळट रंग चहूबाजूनं असतो, त्याच्यात नवा पारवा भडक निळाच दिसणार, आणि लोक घाबरून चांगला शेड सोडून देतात. बोर्ड उचलून फिरवता येतो. खिडकीसमोर, खिडकीच्या भिंतीवर, दाराच्या सागवानी चौकटीला अगदी टेकवून, फरशीला टेकवून, सकाळी, दुपारी तीनला, आणि रात्री घरात रोज जे लाइट लागतात ते सगळे लावून. दुकानातल्या उजेडात नाही आणि मोबाइलवर तर अजिबात नाही. फोन आपल्या मर्जीनं फोटोतला रंग सरळ करतो, निळ्या भिंतीचा फोटो राखाडी येतो आणि राखाडीचा निळा, मग तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून मतं मागायची आणि नाशिकच्या आत्यानं सांगायचं की हा तर हिरवाय.

फोटो पाठवायचाच असेल, बहिणीला, इंटिरियरवाल्याला, कोणालाही, तर भिंतीला एक कोरा पांढरा कागद चिकटवून फोटो काढा, कागद फोटोत ज्या रंगाचा दिसतो तेवढी चूक भिंतीतही आहे हे समोरच्याला कळतं. सोबत खिडकी कुठल्या दिशेला, फरशी कुठली, बल्ब किती केचा, एवढं लिहा. आणि रंग पसंत पडून काम झालं की झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, शेड कोड, प्रॉडक्ट, बेस, बॅच नंबर सगळं दिसेल असा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत घालून वर खोलीचं नाव लिहा आणि बाल्कनीत उन्हात न ठेवता माळ्यावर टाका.